बस वाढवा, पण थांबा, चालक आणि करार यांच्यासकट : वाराणसी शहर बससेवेबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. विभागीय आयुक्त, वाराणसी मंडळ
मा. महापौर आणि मा. नगर आयुक्त, वाराणसी नगर निगम
मा. पोलीस आयुक्त, वाराणसी
मा. जिल्हाधिकारी, वाराणसी
मा. व्यवस्थापकीय संचालक, वाराणसी सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस लिमिटेड

विषय : शहर बससेवेचा विस्तार आणि त्या विस्ताराबरोबरच व्हायला हवी अशी रस्ता सुरक्षेची व्यवस्था.

महोदय, महोदया,

ही संघटना काशीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांची आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या घाटांमागच्या गल्ल्यांत आमची काही घरे अनेक पिढ्यांची आहेत. काही कुटुंबे काशी हिंदू विश्वविद्यालयात शिकायला, शिकवायला किंवा नोकरीसाठी आली आणि लंका, सिगरा, महमूरगंज, शिवपूर इकडे स्थिरावली. महाराष्ट्रातून महानगरी, कामायनी, ज्ञानगंगा या गाड्यांनी येणारे यात्रेकरू, अस्थिविसर्जनासाठी येणारी दुःखातली माणसे बहुतेकदा आमच्यापैकीच कुणाच्या तरी दारात उतरतात. स्टेशनवरून घाटापर्यंत कसे यायचे, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर देताना आम्हाला दरवेळी काळजी वाटते.

घाटाच्या गल्लीत बस येत नाही आणि येऊही नये. प्रश्न आहे तो गल्ली संपते तिथून पुढचा. मच्छोदरीला किंवा मैदागिनला बाहेर पडलेल्या सत्तर वर्षांच्या आजींना विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात जायचे असेल, तर मैदागिन ते गोदौलिया हा पट्टा गर्दीच्या काळात वाहनांना बंद असतो. त्यामुळे थोडे चालायचे, मग एका सवारी ई-रिक्षातून दुसरीत चढायचे आणि प्रत्येक बदलाच्या वेळी भर रस्त्यात उभे राहायचे, असा तो प्रवास होतो. हे मागणीपत्र त्या भर रस्त्यात उभे राहण्याविषयी आहे. कार्यालयांना ते हिंदीतून दिले आहे. ही प्रत आमच्या सभासदांसाठी आणि महाराष्ट्रातून यात्रा काढणाऱ्या मंडळांसाठी आहे.

आमचे म्हणणे असे. काशीत बस फार कमी आहेत, आणि रस्ते धोक्याचे होण्यामागे हे एक मोठे कारण आहे. पण तयारीशिवाय, नुसत्या उद्घाटनाच्या घाईने बस वाढवल्या तर त्या बसच माणसे मारतील. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींचा विचार एकाच वेळी व्हायला हवा. आजवर बसची चर्चा एकतर प्रदूषणापुरती झाली किंवा भाड्यापुरती. रस्त्यावर कोण मरतो, या बाजूने ती फारशी झालेली नाही.

पहिली गोष्ट आधी घेऊ. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी २२,५९५ मृत्यू एकट्या उत्तर प्रदेशातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. मृतांमध्ये दुचाकीवरचे ४४.५ टक्के होते आणि पायी चालणारे १९.५ टक्के. बसमध्ये बसलेले होते २.४ टक्के, आणि त्यांत घाटरस्त्यांवरून, महामार्गांवरून रात्रभर धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या बसही धरलेल्या आहेत. ज्या शहरात बस नाही तिथे माणूस घरी बसत नाही. तो मुलाला हप्त्यावर दुचाकी घेऊन देतो, तीन जणांना तिच्यावर बसवतो किंवा भरलेल्या ई-रिक्षाच्या कडेला लटकतो. देशात सर्वांत जास्त मृत्यू ज्या वाहनावर होतात त्याच वाहनाकडे आपण माणसांना ढकलतो आणि नंतर हेल्मेट घातले नाही म्हणून त्यांना दंड करतो. दंड योग्यच आहे. पण आधी पर्याय द्यायला हवा होता.

ई-रिक्षाचा हिशेबही असाच मांडून पाहावा. ऑक्टोबर २०१४ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ई-रिक्षात चालकाखेरीज चार प्रवासी आणि चाळीस किलो सामान चालते, वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर. नऊ मीटर लांबीच्या शहर बसमध्ये तीसच्या आसपास माणसे नुसती बसूनच जातात. म्हणजे एका बसमधली माणसे हलवायला सात-आठ ई-रिक्षा लागतात, आणि त्या सगळ्या हात दिसेल तिथे थांबतात, वळतात, पुन्हा रस्त्यात घुसतात. धोका त्या वाहनाच्या वेगात नाही, त्याच्या थांबण्या-निघण्यात आहे. मागून येणारा दुचाकीवाला त्यांना चुकवायला उजवीकडे जातो आणि समोरून येणाऱ्या वाहनापुढे येतो. ई-रिक्षा चालवणाऱ्यांवर आमचा राग नाही. आमच्यातल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांचे बाहेर पडणे त्यांच्यामुळेच होते. जे काम बसचे होते ते शहराने त्यांच्या अंगावर टाकले, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे बस स्वतः. इथे आम्हाला दोन अपघातांची आठवण करून द्यायची आहे, कारण दोन्हींमध्ये विद्युत बस होती आणि दोन्ही भरवस्तीत घडले.

कानपूरमध्ये ३० जानेवारी २०२२ च्या रात्री टाटमिल चौकाजवळ एका विद्युत शहर बसवरचा ताबा सुटला, तिने अनेक वाहनांना धडक दिली आणि सहा जणांचा जीव गेला. राज्यातल्या शहरांत विद्युत बस नव्यानेच येत होत्या, त्याच काळातली ही घटना. मुंबईत कुर्ल्याला ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री बेस्टच्या ३३२ क्रमांकाच्या मार्गावरची विद्युत बस गर्दीच्या रस्त्यात घुसली. पहिल्या काही तासांतच मृतांचा आकडा सातवर गेला, पुढे उपचारांदरम्यानही माणसे गेली, आणि चाळीसहून अधिक जखमी झाले. ती बस बेस्टची स्वतःची नव्हती, भाडेकरारावर घेतलेली होती. चालक कंत्राटदाराचा, काही दिवसांपूर्वीच या बसवर आलेला. अशा मोठ्या, हाताने गिअर बदलावा न लागणाऱ्या बसचे त्याचे प्रशिक्षण अपुरे असल्याचा मुद्दा तपासात पुढे आला. मुंबईत बस १९२६ पासून धावते आहे. चालक घडवण्याची एवढी जुनी परंपरा असलेल्या शहरात हे झाले, तर ज्या शहरात ती परंपरा उभीच राहिलेली नाही तिथे किती सावध राहायला हवे, हे आम्ही निराळे सांगायला नको.

विद्युत बसला आमचा विरोध नाही. ती धूर सोडत नाही, हादरत नाही, वयस्कर माणसाला तिच्यात त्रास कमी होतो. पण तिचे दोन गुण रस्त्यावर धोक्याचेही ठरतात. तिचा आवाज येत नाही. घंटा, भोंगे, लाउडस्पीकर यांच्या गजरात वाढलेल्या या शहरातल्या माणसाला मागून बस आली हे ऐकू येत नाही. आणि पाय ठेवताक्षणी ती पूर्ण जोराने पुढे जाते. डिझेलच्या मिनीबसवर हात बसलेल्या चालकाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. तो वेळ त्याला रस्त्यावर नव्हे, मैदानात मिळाला पाहिजे.

या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवून आमच्या मागण्या अशा आहेत.

पहिली मागणी बसच्या संख्येची. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००९ साली शहरी वाहतुकीचे जे मापदंड ठरवले त्यांत उत्तम सेवेसाठी दर हजार लोकांमागे ०.६ बस, म्हणजे लाखाला साठ बस सांगितल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत वाराणसी नगर निगमाच्या हद्दीत सुमारे १२ लाख लोक होते. त्या जुन्या आकड्यावरसुद्धा सातशेवर बस लागतात, आणि यात्रेकरू त्या मोजणीत नाहीतच. शहराला मिळालेल्या विद्युत बसचा ताफा पन्नासचा. हे अंतर एका वर्षात भरून निघणार नाही, हे आम्हाला कळते. म्हणून पाच वर्षांचा लेखी आराखडा जाहीर करावा आणि त्यात दर वर्षी किती बस, कोणत्या मार्गावर, हे असावे.

संख्येइतकाच महत्त्वाचा आहे दोन बसमधला वेळ. बाबतपूर, सारनाथ, रामनगर अशा दूरच्या टोकांना अधूनमधून एखादी बस सोडून सेवेचा नकाशा मोठा दिसतो, पण सुरक्षितता वाढत नाही. बस कधी येईल हे ठाऊक नसले की माणूस थांब्यावर थांबत नाही, रस्त्यात पुढे येऊन वाट पाहतो. आली की धावतो, भरलेली असली तरी दारात लटकतो, कारण पुढची येईलच याची खात्री नसते. म्हणून आधी दोन-तीनच मार्ग घ्यावेत आणि तिथे सकाळी सहा ते रात्री दहा दर दहा मिनिटांनी बस द्यावी. आमच्या मते पहिला मार्ग कँट स्टेशन, सिगरा, रथयात्रा, भेलूपूर, लंका असा असावा आणि दुसरा मच्छोदरी, मैदागिन, लहुराबीर, सिगरा मार्गे विश्वविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत. तिसरा पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनवरून मालवीय पुलाने शहरात यावा. त्या स्टेशनवर पहाटे उतरणाऱ्या यात्रेकरूंना आज खचाखच भरलेल्या सवारी ऑटोखेरीज फारसा पर्याय नसतो आणि जुन्या पुलावरून तो प्रवास अंधारात होतो.

दुसरी मागणी थांब्याची, आणि ती आम्ही सर्वांत आग्रहाने मांडतो. बसमध्ये बसलेला माणूस बराचसा सुरक्षित असतो. धोका असतो तो बसपर्यंत जाताना, चढताना, उतरताना आणि उतरून रस्ता ओलांडताना. पुण्याने हा धडा महाग किमतीला घेतला. २००६ च्या अखेरीस स्वारगेट ते कात्रज मार्गावर देशातला पहिला बीआरटीचा, म्हणजे बसला स्वतंत्र मार्गिका देण्याचा, प्रयोग सुरू झाला, तेव्हा थांबे रस्त्याच्या मधोमध आले, पण त्या थांब्यांपर्यंत पायी पोचण्याची सुरक्षित वाट पुरेशी नव्हती. सुरुवातीच्या काळातल्या अपघातांनी लोकांचा त्या योजनेवरचा विश्वास उडाला, आणि बसला स्वतंत्र मार्गिका देण्याची चांगली कल्पना पुण्यात अनेक वर्षे वादात अडकली. कल्पनेत खोट नव्हती, लोकांच्या पायाखालची वाट आखायची राहून गेली होती. याउलट कोलंबियातल्या बोगोटा शहरात २००० च्या अखेरीस ट्रान्समिलेनिओ ही बससेवा सुरू झाली तेव्हा अव्हेनिदा काराकास या रस्त्याची पुनर्रचना पदपथ, ओलांडण्याच्या जागा आणि थांबे यांच्यासकट झाली आणि तिथले अपघाती मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. तिथे बस तर आलीच, पण तिच्याबरोबर सारा रस्ता बदलला.

काशीत मधोमध थांबे करण्याइतके रुंद रस्ते मोजकेच आहेत. इथे कडेचा थांबाच नीट करायचा आहे. तो चौकाच्या तोंडाशी नसावा, चौक ओलांडल्यावर पुढे असावा. चौकाआधी बस उभी राहिली की मागची वाहने अडतात, उतरलेला प्रवासी बसच्या पुढून रस्ता ओलांडतो आणि बसला वळसा घालून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तो अखेरच्या क्षणापर्यंत दिसत नाही. चौकानंतर थांबा असेल तर ओलांडण्याचे पट्टे बसच्या मागे येतात आणि दोघेही एकमेकांना दिसतात. अंधरापूल, लहुराबीर, रथयात्रा, भेलूपूर आणि लंका या पाच ठिकाणी हा बदल आधी करावा. लंकेच्या चौकात विश्वविद्यालयाचे मुख्यद्वार, रुग्णालयाकडे जाणारे रुग्ण, विद्यार्थी, औषधांची दुकाने आणि सामनेघाटकडून येणारी वाहने असे सगळे एकत्र येते. तिथला थांबा कुठे असावा हे ठरवायला वाहतूक पोलीस, निगमाचे अभियंते आणि विश्वविद्यालय यांनी एकत्र बसून, प्रत्यक्ष जागेवर उभे राहून निर्णय करावा.

प्रत्येक थांब्यावर पदपथाएवढा उंच ओटा, दिवा, छप्पर, बसायला बाक आणि वाचता येईल असे वेळापत्रक असावे. थांब्याच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरात वाहन उभे करायला आणि सवारी भरायला सक्त मनाई असावी. सार्वजनिक वाहनांच्या थांब्यांच्या जागा ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ ने शासनाला दिलेलाच आहे, त्यामुळे यासाठी नवा कायदा लागत नाही. बसची पायरीही इथेच मोजावी लागते. तळ ४०० मिलिमीटरवर असलेली बस आणि ९०० मिलिमीटरवर असलेली बस यांत गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी जमीन-अस्मानाचे अंतर आहे. यापुढे खरेदी होणारी प्रत्येक शहर बस खालच्या तळाची असावी. वाहतुकीची साधने दिव्यांगांना वापरता यावीत, असे दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चे कलम ४१ सांगते.

तिसरी मागणी कराराची. सामान्य नागरिकाला करार दिसत नाही, पण बस कशी चालते हे बऱ्याच अंशी तिथे ठरते. विद्युत बस बहुधा अशा कराराने येतात की बस आणि चालक खाजगी कंपनीचे, आणि कंपनीला पैसे धावलेल्या किलोमीटरवर मिळतात. जुन्या पद्धतीपेक्षा हे चांगले आहे. प्रवाशांच्या संख्येवर चालकाची कमाई ठरली की तो पुढच्या बसला मागे टाकायला धावतो. चिलीच्या सांतियागो शहरात या दोन पद्धतींची तुलना झाली तेव्हा सवारीमागे पैसे घेणाऱ्या चालकांचे अपघात जास्त निघाले. दक्षिण कोरियातल्या सोलने २००४ मध्ये बसचे उत्पन्न एकत्र करून कंपन्यांना किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायला सुरुवात केली, आणि बसचे अपघात घटले.

पण किलोमीटरच्या करारातही एक फट राहते. ठरलेल्या फेऱ्या झाल्या नाहीत तर कंपनीचे पैसे कापले जातात. काशीत चौकाघाटला तासभर जाम लागला तर फेरी चुकणारच. मग तो हिशेब चालकावर येतो, आणि मोकळा रस्ता दिसला की तो गेलेला तास भरून काढायला बघतो. म्हणून आम्ही मागतो की जाम, मिरवणूक, मार्गबदल यांमुळे चुकलेल्या फेरीसाठी कपात होऊ नये. जीपीएसच्या नोंदीवरून कारण सहज तपासता येते. कपात व्हावी ती अतिवेगासाठी, थांबा सोडून भलतीकडे थांबल्याबद्दल, दार उघडे ठेवून बस हलवल्याबद्दल आणि प्रशिक्षणाच्या दाखल्याशिवाय चालक बसवल्याबद्दल. वर्षभर गंभीर अपघात न करणाऱ्या आगाराला बक्षिसाची रक्कम असावी आणि तिचा ठरावीक वाटा थेट चालकांच्या हातात पडावा. सध्याच्या करारात हे बसत नसेल तर पुढच्या करारात ते आधी लिहावे, आणि तो करार नागरिकांना वाचायला खुला असावा. तो आमच्याच पैशांवर होतो.

चौथी मागणी चालकांची. आम्ही प्रवासी म्हणून चालकांच्या बाजूने बोलतो आहोत, कारण थकलेल्या माणसाच्या हातात आम्ही आमचे आई-वडील देतो. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ ने घालून दिले होते की दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम नको, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी. कंत्राटी चालकासाठीही हीच मर्यादा पाळली जावी. आगारातली हजेरी आणि बसच्या जीपीएसची नोंद दरमहा ताडून पाहावी आणि फरक आढळल्यास कंपनीवर कारवाई व्हावी. विद्युत बसवर येणाऱ्या प्रत्येक चालकाला बंद मैदानात, मग रिकाम्या बसने मार्गावर, मग अनुभवी चालकाच्या सोबतीने, अशा तीन टप्प्यांचे प्रशिक्षण सक्तीचे असावे, आणि ते कंपनीने स्वतःच दिलेल्या कागदावर न ठेवता परिवहन विभागाने तपासावे. दोन्ही टोकांना स्वच्छतागृह, पाणी आणि बसायला जागा असावी. आम्ही हे सवलत म्हणून मागत नाही. तहानलेला, लघवी दाबून धरलेला माणूस नीट ब्रेक लावू शकत नाही.

पाचवी, वेगाची. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगभरच्या देशांनी मान्य केले की जिथे पायी चालणारी माणसे आणि वाहने एकत्र असतात तिथे वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत असावा. काशीत असा रस्ता शोधावा लागत नाही. चौकाघाट ते लंका, मैदागिन ते लहुराबीर आणि सर्व शाळा-रुग्णालयांसमोर ३० ची मर्यादा लावावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे शासनाला ती लावता येते. आधी ती शहर बसवर पाळून दाखवावी, कारण बसचा वेग यंत्रानेच बांधता येतो. लंडनमध्ये नव्या बसना वेगमर्यादा ओलांडू न देणारी यंत्रणा बसवली जाते आणि २०३० पर्यंत बसमुळे एकही मृत्यू होऊ नये, असे तिथल्या वाहतूक प्रशासनाने जाहीर केलेले आहे. बस सावकाश गेली की तिच्या मागचा सगळा रस्ता सावकाश होतो, हा तिचा आणखी एक उपयोग.

ई-रिक्षांबाबत आमची मागणी थोडक्यात आहे. त्यांना हटवू नये, बसला जोडून घ्यावे. मुख्य मार्गावर बस आणि गल्ली-मोहल्ल्यातून थांब्यापर्यंत ई-रिक्षा, अशी वाटणी व्हावी. प्रत्येक मोठ्या थांब्यापासून थोड्या अंतरावर त्यांना स्वतःची जागा आखून द्यावी. कोणती ई-रिक्षा कोणत्या भागात चालेल अशी परिमंडळे पाडून दिली पण उभे राहायला जागा दिली नाही, तर ते चौकातच उभे राहणार.

सणांचा विचार वेगळा करावा लागतो. श्रावणी सोमवार, देवदीपावली, महाशिवरात्र या दिवसांत आणि २०२५ च्या महाकुंभात प्रयागराजहून परतणाऱ्या लोकांच्या लोंढ्यात शहराने जे पाहिले ते आपण सर्वांनी अनुभवले आहे. अशा दिवसांत बस बंद करण्याची पहिली सवय सोडावी. खाजगी गाड्या आणि बाहेरगावच्या प्रवासी बस शहराच्या वेशीवर थांबवाव्यात आणि तिथून आत फक्त शहर बस चालाव्यात. त्यासाठी बाहेरून चालक आणावे लागले तर एका दिवसाचे मार्गदर्शन तरी त्यांना मिळावे. दाट गर्दीत अनोळखी रस्त्यावर अनोळखी माणूस बस चालवणे हा सगळ्यात मोठा धोका आहे. महाराष्ट्रातल्या यात्रा-मंडळांना पूर्वसूचना देण्याची जबाबदारी आमची संघटना घेईल.

शहरात बांधकामे चालू आहेत, कँट ते गोदौलिया रोपवे त्यांतलेच एक. २४ मार्च २०२३ ला त्याची पायाभरणी झाली आणि कँट, विद्यापीठ, रथयात्रा, गिरजाघर, गोदौलिया अशी त्याची पाच स्थानके आहेत. रोपवे बसची जागा घेईल, असे कुणी मानू नये. त्याच्या स्थानकांखाली माणसे उतरून रस्त्यावरच येणार आहेत. म्हणून रथयात्रा इथे बसचा थांबा आणि रोपवेचा जिना यांच्यामध्ये रस्ता न ओलांडता जाता येईल, असे आत्ताच आखावे. आणि बांधकामाखालून वाहतूक चालू ठेवण्याबाबत या शहराला १५ मे २०१८ विसरता येणार नाही. कँटजवळच्या उड्डाणपुलाच्या तुळया खाली चालत्या रस्त्यावर कोसळल्या आणि किमान पंधरा माणसे मेली. कोणत्याही कामाच्या खालून बसचा मार्ग जाऊ नये. पर्यायी मार्ग थांब्यांसह आठ दिवस आधी जाहीर व्हावा.

शेवटची मागणी माहितीची. अपघातांची नोंद आता पोलीस ई-डार प्रणालीत करतात, म्हणजे कोणत्या चौकात, किती वाजता, कोणते वाहन, ही माहिती शासनाकडे जमते आहे. शहर बसशी संबंधित प्रत्येक अपघाताची नोंद, नावे वगळून, दर तिमाहीला प्रसिद्ध करावी. मृत्यू झाल्यास पोलीस, परिवहन, निगम आणि विश्वविद्यालयाच्या ट्रॉमा सेंटरमधले डॉक्टर यांनी पंधरा दिवसांत जागेवर जाऊन पाहणी करावी आणि रस्त्यात काय बदलायचे ते लिहावे. चालकाला अटक झाली की चौकशी संपली, असे होऊ नये. तोच चौक, तोच अंधार आणि तोच तुटलेला पदपथ दुसऱ्या चालकाची वाट पाहत राहतो. मृताच्या कुटुंबाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता पाच लाखांची, आणि गंभीर जखमीला अडीच लाखांची भरपाई मिळू शकते, हे बसमध्ये आणि आगारात हिंदीत ठळक लिहिलेले असावे. कित्येकांना हे ठाऊकच नसते.

या मागण्यांवर चर्चेसाठी आमच्या पाच प्रतिनिधींना महिन्याभरात वेळ द्यावी. त्या बैठकीला बसचालकांचे, ई-रिक्षाचालकांचे आणि दिव्यांगांचे प्रतिनिधीही बोलवावेत. पहिल्या मार्गाच्या थांब्यांची संयुक्त पाहणी बैठकीनंतर पंधरा दिवसांत करावी. सकाळी नऊला, शाळा आणि रुग्णालयाच्या गर्दीच्या वेळी. आमचे सभासद त्या वेळी लंकेपासून कँटपर्यंत प्रत्येक थांब्यावर उभे राहून उतरणाऱ्या प्रवाशांची मोजणी करून देतील आणि ती मोजणी संयुक्त पाहणीच्या अहवालाला जोडावी.

आपले,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य
काशीतील मराठी रहिवाशांच्या वतीने
वाराणसी